चालत्या गाडीतला निरोप

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतला माल महामार्गाला लागायचा तर वाटा मोजक्याच आहेत. आंबवड्याहून निघालेली गाडी भोर शहरातून कापूरहोळला येते आणि तिथे पुणे–सातारा रस्त्याला मिळते. वेल्ह्याकडची गाडी नसरापूरवरून चेलाडी फाट्याला बाहेर पडते. कोकणात उतरायचे तर वरंध घाट, वाईकडे जायचे तर मांढरदेवीचा घाट. नागेश्वराचे देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल पाहायला लोक आंबवड्याला ज्या रस्त्याने येतात, त्याच रस्त्याने भात, दूध, खत, सिमेंट आणि बांधकामाचा माल जात-येत असतो. या गाड्यांच्या केबिनमध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत जो बदल झाला, तो बाहेरून दिसत नाही. आधी चालकाच्या खिशात फोन आला. मग काचेवर फास्टॅग चिकटला. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचाच झाला. डॅशबोर्डच्या मागे कुठे तरी जीपीएसची डबी बसली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने आली, त्यानंतरच्या कित्येक गाड्यांत तर कंपनीनेच बसवलेली यंत्रणा असते. ती डिझेल, वेग, ब्रेक आणि इंजिनाची खबर चालकाला न विचारता थेट मालकाच्या फोनवर धाडते. पुढच्या पानांचा विषय ही केबिनमधली संपर्कयंत्रणा आहे: ती काय करते, कशी वापरावी आणि कशी वापरू नये.

या विषयावर आजवर जे सांगितले जाते ते बहुतेक विक्रेत्याच्या तोंडचे असते. डबी बसवा, डिझेलची चोरी थांबेल, चालक कुठे थांबला ते कळेल, फेऱ्या वाढतील. यातले काहीच खोटे नाही, पण महत्त्वाची गोष्ट यात कुठेच येत नाही. यंत्र गाडीत बसते खरे, पण त्याचा गुण आणि दोष ठरतो मालकाच्या आणि ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात. गाडी आपणहून आपला ठावठिकाणा सांगू लागली की चालकाला फोन करून ‘कुठवर आलास’ विचारण्याचे कारण उरत नाही. तो फोन बंद झाला तर यंत्राने एक जीव वाचवण्याचे काम केले. नकाशावर गाडी दिसत असूनही फोन चालूच राहिला, त्यात अ‍ॅपवरचे संदेश आणि वेगाचे इशारे यांची भर पडली, तर तेच यंत्र चालकाच्या मानेवरचे दुसरे जू होते. म्हणून या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. मालवाहतुकीतल्या संपर्कयंत्रणेने पहिली शिस्त लावायची ती मालकाला, बुकिंग एजंटला आणि माल पाठवणाऱ्याला. चालकाला लावायची शिस्त त्यानंतरची. हा क्रम उलटला की पैसेही वाया जातात आणि माणसेही.

हा क्रम आपल्याकडे उलटा का झाला, याचे कारण थोडेसे इतिहासात आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये उपग्रहावरून निरोप देण्याची यंत्रणा १९८८ मध्ये आली. क्वालकॉम कंपनीची ती ऑम्निट्रॅक्स यंत्रणा श्नायडर नॅशनल या मोठ्या वाहतूक कंपनीने आपल्या गाड्यांत बसवली, तेव्हा चालकाच्या खिशात मोबाइल नव्हता. निरोप पडद्यावर यायचा, गाडी थांबली की वाचायचा, असा रिवाज तिथे आधी पडला. आपल्याकडे पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षे ट्रकचालक ढाब्याशेजारच्या एसटीडी बूथवरूनच मालकाला गाडी पोचल्याची खबर देत असे. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले, आणि मग चालक मालकाला कधीही, कुठेही सापडू लागला. म्हणजे आपल्याकडे आवाज आधी आला, यंत्रणा मागाहून. त्यामुळे गाडीशी बोलायचे म्हणजे चालकाला फोन लावायचा, ही सवय वाहतूक धंद्याच्या हाडीमाशी खिळली. आज डबी, अ‍ॅप आणि कॅमेरा हे सगळे त्या जुन्या सवयीवर येऊन बसले आहे. सवय मात्र गेलेली नाही.

डबीत नेमके काय असते ते एकदा नीट पाहू, कारण तिच्याविषयी भीतीही फार आहे आणि भाबडी श्रद्धाही. उपग्रहाकडून स्थान घेणारा भाग, मोबाइलचे सिमकार्ड, थोडी स्मृती, बॅटरीची तार तुटली तरी काही काळ चालेल अशी छोटी राखीव बॅटरी, इतकाच ऐवज. जुन्या गाडीत ती फक्त जागा आणि वेग सांगते. नव्या गाडीत तिला इंजिनाच्या संगणकाशी जोडता येते, आणि मग इंजिनाचे फेरे, क्लच, ब्रेक, डिझेलची पातळी, युरियाच्या टाकीची पातळी, इंजिनाचे तापमान या गोष्टीही कळतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घालून प्रवासी वाहनांसाठी अशी यंत्रणा आणि संकटाचे बटण बंधनकारक ठरवले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते लागू झाले. तिचे मानक ‘एआयएस-१४०’ या नावाने ओळखले जाते. मालवाहू गाड्यांवर अशी सरसकट सक्ती झालेली नाही; धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांसारख्या काही वर्गांपुरती ती पुढे आणली गेली. बाकीच्या ट्रकांत डबी आली ती मालकाच्या इच्छेने, कर्ज देणाऱ्याच्या आग्रहाने किंवा माल देणाऱ्या कंपनीच्या अटीने. ती कुणाच्या आग्रहाने आली, त्यावर ती कुणासाठी बोलते हे बऱ्याचदा ठरते.

आता पुराव्याकडे वळू. चालत्या अवजड गाडीत संपर्क साधण्याने किती धोका वाढतो, यावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. केबिनमध्ये कॅमेरे लावून, खऱ्या रस्त्यावर, खरे चालक नेहमीच्या फेऱ्या करत असताना त्यांचे निरीक्षण केले होते. फोनवर संदेश टाइप करताना अपघात किंवा अपघाताच्या जवळ जाणारा प्रसंग घडण्याचा धोका तेवीस पटींनी वाढलेला आढळला. फोनचा नंबर फिरवताना तो सुमारे सहा पटींनी वाढला. आणि कंपनीने गाडीत बसवून दिलेल्या निरोपाच्या यंत्राकडे पाहताना किंवा त्यावर बोटे चालवताना तो जवळजवळ दहा पटींनी वाढला. ही शेवटची संख्या मालकाने दोनदा वाचावी. अधिकृत, महागडे, धंद्यासाठी घेतलेले यंत्र, आणि तरी नंबर फिरवण्यापेक्षा घातक, कारण चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून निघाली की ती कशासाठी निघाली याने फरक पडत नाही. संदेश टाइप करणारा चालक सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्याकडे पाहत नव्हता. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात शंभर मीटर पुढे जाते. खंबाटकी घाट उतरताना शंभर मीटर म्हणजे एक आख्खे वळण.

याच अभ्यासात एक गोष्ट अशी आहे, जी माझ्या मुद्द्याच्या विरोधकाला आवडेल. हात मोकळे ठेवून नुसते बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. उलट कमी दिसला. रात्रीच्या लांब रस्त्यावर बोलणारा माणूस जागा राहतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. मग ब्लूटूथ लावून दिला की प्रश्न मिटला असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या कॅनडातल्या अभ्यासात फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका चौपट निघाला होता, आणि हातात फोन नसलेल्यांना त्यातून काही सूट मिळालेली दिसली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केंटकीतल्या एका ट्रक अपघातात अकरा माणसे गेल्यावर २०११ मध्ये शिफारस केली, की व्यावसायिक चालकांना हातातला आणि हात मोकळे ठेवणारा, दोन्ही तऱ्हेचे फोन बंद करावेत. सरकारने त्यातला अर्धाच भाग घेतला आणि २०१२ पासून हातातल्या फोनवर बंदी आणली. दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारी ठेवले तर एक फरक लक्षात येतो. पेंग येऊ नये म्हणून घरच्या माणसाशी चार शब्द बोलणे वेगळे, आणि ‘पार्टी गेटवर वाट बघतेय, संध्याकाळपर्यंत पोचला नाहीस तर भाडे कापतील’ असे मालकाकडून ऐकणे वेगळे. दुसऱ्या फोननंतर चालकाचा पाय कुठे जातो हे धंद्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. हात मोकळे असले तरी पाय मोकळा राहत नाही.

आपला कायदा या बाबतीत चालकाकडेच बोट दाखवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातातले संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरवले. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा मिळाली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. हे योग्यच आहे. पण फोन उचलणाऱ्याला दंड आहे आणि गाडी चालू आहे हे नकाशावर दिसत असताना फोन करणाऱ्याला काहीच नाही. डबी नव्हती तोवर मालक म्हणू शकत होता, की गाडी उभी आहे की धावते आहे हे मला काय ठाऊक. आता ते त्याच्या फोनच्या पडद्यावर हिरव्या-लाल खुणेने दिसते. ज्ञान आले की जबाबदारी येते, आणि ही जबाबदारी कायद्याने येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. म्हणूनच पहिला नियम असा: गाडी चालू दिसत असेल तर फोन करायचा नाही. निरोप टाकायचा, आणि तो गाडी थांबल्यावरच पडद्यावर उमटेल अशी सोय करून घ्यायची. अनेक यंत्रणांत ती सोय असते. विकत घेताना कुणी विचारत नाही म्हणून ती बंद पडून राहते.

यंत्राला आपण काय मोजायला सांगतो, हा दुसरा प्रश्न पहिल्याहून गंभीर आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक अठ्ठेचाळीस वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार भोरच्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या पायाखालचा आहे. पुण्यात शिरायचे तर तोच उतरावा लागतो. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच उतारावर पुन्हा कितीतरी जीव गेले. इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रल करणे यामागचा हिशेब सरळ असतो. फेरीमागे ठरावीक डिझेल मिळते, त्यातले वाचले ते चालकाचे. उतारावर चार थेंब वाचतील असे त्याला वाटते. प्रत्यक्षात काय होते? अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि तो दाब भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद पडले की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना साठलेली हवा खर्च होते आणि नवी भरत नाही. स्टिअरिंग जड होते. गिअर काढलेला असल्याने इंजिन गाडीला मागे खेचत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटते. आणि ज्या डिझेलसाठी हे सगळे, ते आजच्या इंजिनात वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर संगणकच इंधन तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे जळत राहते. म्हणजे चालू इंजिनावर न्यूट्रल करणे हा घाट्याचा सौदा आहे, आणि इंजिन बंद करणे हा जिवाचा.

इथे संपर्कयंत्रणेचा खरा उपयोग आहे. नव्या गाडीतली डबी उतारावर इंजिन बंद झाले आहे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये घसरते आहे हे त्याच क्षणी सांगू शकते, केबिनमध्ये भोंगा वाजवू शकते. पण मालक जर महिन्याअखेरीस फक्त ‘लिटरला किती किलोमीटर’ एवढाच तक्ता काढत असेल आणि त्यावर बक्षीस किंवा कपात करत असेल, तर त्याने पैसे मोजून यंत्रणा घेतली आणि चालकाला उतारावर गाडी सोडायला शिकवले. तोच तक्ता दुसऱ्या रीतीने लावता येतो. उताराच्या पट्ट्यात गिअर ठेवून, इंजिनाच्या आधाराने, ठरलेल्या वेगाने उतरणाऱ्याला भत्ता द्या. डिझेलचा हिशेब सपाट रस्त्यापुरता करा. कात्रज, खंबाटकी आणि वरंध एवढे तीन तुकडे नकाशावर आखून घेतले तरी आपल्या भागातल्या गाड्यांचे काम भागते. यंत्र तेच, खर्च तोच. फरक फक्त मालकाने त्याला काय विचारले यात.

वेळेचा प्रश्न याच्याही मुळाशी जातो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवतो आणि ४१७ किलोमीटर कापतो, असे तीत आढळले. थकवा किंवा झोप असूनही गाडी चालवतो, असे जवळपास निम्म्या चालकांनी कबूल केले. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांमागे अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांनाच लागू होता, आणि आपले बहुसंख्य ट्रक तर एक, दोन, चार गाड्यांच्या मालकांचे. युरोपात साडेचार तासांच्या चालवण्यानंतर पाऊण तास थांबावेच लागते आणि त्याची नोंद टॅकोग्राफ नावाचे यंत्र आपोआप ठेवते. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून अशी इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. आपल्याकडे नोंद ठेवणारी डबी आहे, पण ती नोंद कुणाला दाखवायची हे कुणी सांगितलेले नाही.

आणि त्या नोंदीत चालकाची झोप जशी दिसते तसे आणखी एक दृश्य दिसते, जे पाहायला कुणाला फारसे आवडत नाही. गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर सहा-सहा, आठ-आठ तास उभी असते. गेट पास झालेला नसतो, हमाल दुसऱ्या गाडीवर असतात, वजनकाट्यावर रांग असते. मग मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत आठवते. २०२१ पासून दर २०० किलोमीटरना एक दिवस असा तिचा हिशेब आहे, आणि फाटकावर गेलेला दिवस परत कोण देणार? तो रस्त्यावर भरून काढायचा असतो, रात्री, जागून. चालक बेफिकीर आहे असे म्हणणाऱ्यांनी डबीतली ही पाने उघडून पाहावीत. फाटकावर गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, याचा निर्विवाद पुरावा आज पहिल्यांदाच लहान ट्रकमालकाच्या हातात आला आहे. पूर्वी हॉल्टिंगचे पैसे मागायला गेला की त्याला ‘तुमची गाडीच उशिरा आली’ असे ऐकावे लागे. आता तो तास-मिनिटांचा कागद पुढे ठेवू शकतो. लहान मालकाच्या दृष्टीने डबीचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, असे माझे मत आहे; डिझेलचोरी रोखण्यापेक्षाही मोठा. आणि फाटकावरचे तास कमी झाले की रात्रीच्या जागरणाचे तास आपोआप घटतात.

‘हे सगळे मोठ्या ताफ्यांना ठीक, आमच्या एका गाडीला काय करायचे’ हा आक्षेप म्हणूनच मला उलटा वाटतो. शंभर गाड्यांच्या कंपनीकडे वकील आहे, करारपत्र आहे, वेळेचा हिशेब ठेवणारा माणूस आहे. एका गाडीच्या मालकाकडे पुरावा म्हणून फक्त ही नोंद आहे. खर्चाचे म्हणाल, तर साधी डबी आता एका टायरच्या किमतीहूनही कितीतरी स्वस्त पडते. वर्षाची वर्गणी मात्र नीट विचारून घ्यावी, कारण पहिल्या वर्षी फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून भुर्दंड अशी तऱ्हा या धंद्यात आहे. मालक स्वतःच चालक असेल तर फोन करणारा मालक उरत नाही. फोन करतो बुकिंग एजंट. त्याला गाडीच्या ठावठिकाण्याची लिंक एकदा देऊन ठेवली की त्याचाही फोन थांबवता येतो. न थांबला तर गाडी उभी केल्याशिवाय तो उचलायचा नाही, एवढा हक्क एका गाडीच्या मालकाने स्वतःला द्यावाच.

दुसरा आक्षेप आपल्या डोंगरांचा आहे, आणि तो खरा आहे. रायरेश्वराच्या बाजूला, वरंध्याच्या वळणांत, धरणांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर नेटवर्क येते आणि जाते. गाडी नकाशावरून नाहीशी झाली की मालक घाबरतो आणि फोन लावत सुटतो. चालकाच्या फोनला रेंज आली की एकदम पाच-सहा मिस्ड कॉल वाजतात, तेही घाटात. म्हणून यंत्र घेताना नेटवर्क नसताना नोंद साठवून नंतर पाठवणारेच घ्यावे. एआयएस-१४० मानकात ती अट आहेच. त्याहून महत्त्वाचे, कोणत्या पट्ट्यात गाडी किती वेळ दिसणार नाही हे मालकाने आधी समजून घ्यावे आणि तेवढा वेळ शांत राहावे. घाटाच्या बाबतीत संपर्काची उपयुक्त वेळ घाट चढण्यापूर्वीची असते. वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद करण्याचे आदेश गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा निघाले आहेत. सर्वसाधारण नकाशा-अ‍ॅप गाडीचे वजन, उंची, लांबी विचारत नाही. मोटारीला जवळचा असलेला रस्ता ते ट्रकलाही दाखवते. परराज्यातला चालक महाडला माल घेऊन निघाला की अ‍ॅपच्या भरवशावर भोरकडे वळतो आणि घाटात अडकतो. त्याला कापूरहोळच्या आधी, गाडी उभी असताना, एक निरोप मिळाला असता तर पुढचे सगळे टळले असते. निरोप वेळेवर पोचणे म्हणजे हे.

तिसरा आक्षेप पाळतीचा, आणि त्याला मी सर्वांत जास्त मान देतो. केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण आहे तसेच त्याचे घरही आहे. तो तिथे जेवतो, झोपतो, घरच्यांशी बोलतो. चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा डुलकी ओळखून भोंगा वाजवतो तोवर ठीक. तोच कॅमेरा गाडी उभी असताना चालू ठेवणे ही घुसखोरी आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा इथे चालकाला पुरेसा आधार देत नाही, कारण नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला कलम ७ मध्ये संमतीविना मुभा आहे. म्हणजे जे ठरवायचे ते मालक आणि चालक यांनी आपसात, लिहून ठरवायला हवे. कॅमेरा कधी बंद, नोंद किती दिवस ठेवायची, ती कुणाला दाखवायची, आणि चालकाने मागितली तर त्याची प्रत त्याला मिळणार की नाही. शेवटची अट मी सर्वांत वर ठेवीन. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाण्याच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी चक्का जाम केला आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची ती तरतूद पुढे लागू न करता थांबवून ठेवण्यात आली. त्या संतापाच्या मुळाशी एक जुना अनुभव होता: अपघात झाला की चूक मोठ्या गाडीचीच धरली जाते, आणि जमाव चालकाचे ऐकून घेत नाही. गाडीची नोंद अशा वेळी चालकाच्या बाजूने साक्ष देऊ शकते. वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, संकटाचे बटण कधी दाबले, गाडी पुढे कुठे जाऊन थांबली. पण साक्ष फक्त मालकाच्या फोनमध्ये बंद असेल आणि मालकाला ती दाखवणे सोयीचे नसेल, तर चालक पुन्हा एकटाच. जी नोंद चालकाच्या पगारातून कापायला वापरता येते, ती त्याच्या बचावासाठीही खुली असलीच पाहिजे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातली किती मालवाहू गाडीत वाजलेल्या फोनमुळे, हे सांगणारा रकाना त्यात नाही. अपघातानंतर फोन कुणी उचलला हे पाहिले जाते, फोन कुणी केला हे नाही.

पुढच्या प्रकरणांत डबीचे प्रकार, बसवण्याची पद्धत, वर्गणीचे करार वाचण्याची रीत, घाटांचे पट्टे आखण्याची कृती, हॉल्टिंगच्या दाव्याचा नमुना आणि मालक-चालक करारनाम्याचा मसुदा दिला आहे. वाचणारा मालक असेल तर त्याला एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या फोनमधली काल दिवसभराची कॉलची यादी काढावी, आपल्या गाडीच्या नोंदीशेजारी ठेवावी, आणि गाडी धावत असताना आपण किती वेळा फोन केला ते मोजावे. वाचणारा चालक असेल तर त्याने करारनाम्याचा मसुदा आधी वाचावा, आणि नोंदीची प्रत मिळण्याची अट त्यात घातल्याशिवाय सही करू नये.